पावणेतीननंतरचे चार ठोके

३ ऑक्टोबर, सोमवार

टोकाला बसणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो! पंपापाशी बसणाऱ्यांनो, फाटकावर उभे राहणाऱ्यांनो, नळीच्या पार शेवटी एकट्याने खुर्ची झिजवणाऱ्यांनो! तुमचे-माझे दुःख एकच आहे. आपले कोणी ऐकत नाही.

रोजनिशीला श्रोते नसतात हे मला माहीत आहे. पण तीस वर्षे संघटनेच्या सभा गाजवलेल्या माणसाने ‘आज लवकर उठलो’ असे लिहून सुरुवात करायची तरी कशी? ही वही धाकट्या बहिणीने दिली. म्हणाली, “दादा, जेवताना तू बोलत सुटतोस आणि ताटातलं गार होतं. उरलेलं इथे बोल. वही उठून जात नाही.”

आमच्या वेधशाळेला दोन नळ्या आहेत. काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आतली सगळी हवा काढून घेतलेली. दोन्ही नळ्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर कंट्रोल रूम, कँटीन आणि शहाणी माणसे. प्रत्येक नळीच्या टोकाला एक टोकघर. टोकघरात मोठी टाकी, टाकीत काचेच्या बारीक धाग्यांवर टांगलेला चाळीस किलोचा आरसा, आणि भिंतीअलीकडच्या स्टोअरमध्ये पंपांवर नजर ठेवणारा एक माणूस. उत्तर टोकाचा माणूस मी. पश्चिम टोकावर माझा जुना मित्र बसतो. त्याला सगळे ‘पलीकडचा’ म्हणतात. तो मला ‘पुढारी’ म्हणतो.

दर सोमवारी दहाला सगळ्यांची बैठक असते. टोकांना ती फोनवर ऐकू येते, पण आमच्या बाजूची लाइन बंद ठेवतात. कारण काय, तर आमच्याकडून पंख्याची घरघर येते! दोन वर्षे मी ऐकतो आहे. दोन वर्षांत माझा एक शब्द तिकडे पोचलेला नाही. आज कँटीनच्या चहावर बावीस मिनिटे चर्चा झाली. त्या चहाबद्दल माझेही मत होते.

३० तारखेला, रविवारी, कर्मचारी संघटनेचे वार्षिक संमेलन आहे. मला बारा मिनिटे मिळाली आहेत. मागणी एकच: टोकांची लाइन उघडा.

५ ऑक्टोबर, बुधवार

व्यासपीठ तयार! आरसा ज्या लाकडी खोक्यातून आला ते खोके स्टोअरमध्ये धूळ खात पडले होते. पालथे घातले की त्यावर उभे राहता येते. जरा डुगडुगत होते, म्हणून भिंतीलगतच्या केबल-ट्रेला ठासून टेकवले. हा पत्र्याचा ट्रे इथून भिंत ओलांडून थेट आरशाच्या टाकीपर्यंत जातो. पहाडासारखा पक्का. आता खोके हलायचे नाव घेत नाही.

नियम मी मोडत नाही. यंत्र चालू असताना टाकीच्या दालनात मुंगीनेही शिरायचे नाही, पण स्टोअरला ती बंदी नाही. दालनाची फरशी वेगळी, स्टोअरची वेगळी, मध्ये चार बोटांची फट. मी इथे हत्ती नाचवला तरी आरशाला पत्ता लागणार नाही.

वेळ ठरवली: बरोबर पावणेतीन. घड्याळ समोर. चौथ्या मिनिटाला, “आम्हीही इथे आहोत!” म्हणताना उजवी टाच खाली. सातव्या मिनिटाला, “ऐका!” म्हणताना पुन्हा. बाराव्या मिनिटाला, शेवटच्या वाक्यावर, दोनदा. वक्त्याने हात हवे तेवढे हलवावेत, पाय मात्र मोजून आपटावा. पहिली रांग दचकली पाहिजे.

रोज करणार. रविवारी सुट्टी.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

भाचीच्या कपाळाला आठी. ती वेधशाळेत नको असलेली थरथर शोधण्याचे काम करते. कुठला पंखा, कुठला पंप, कुठले सैल झाकण आरशाला त्रास देते ते हुडकायचे. सगळे तिला ‘खुडबुड’ म्हणतात.

संध्याकाळी जेवताना मी तिला विचारले, “एवढं कसलं जपायचं ग त्या आरशाला?”

“मामा, दोन मेलेले तारे समजा. प्रत्येक सूर्याहून जड, पण एका शहरात मावेल एवढाच. एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि आदळून एक होतात. त्यानं अवकाशच हलतं. ती लाट कोट्यवधी वर्षं प्रवास करून इथे येते तेव्हा आपली चार किलोमीटरची नळी लांबते, आखडते. किती? प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.”

“आणि ते तुम्हाला कळतं?”

“कळतं. कोणी मध्ये धसमुसळेपणा केला नाही तर.”

जगातला सर्वांत तिखट कान माझ्या भिंतीपलीकडे टांगलेला आहे, आणि माझी लाइन बंद! हे वाक्य भाषणात घेतले.

तर तिची अडचण अशी. बुधवारपासून रोज दुपारी चार ठोके येतात. दोन एकोणपन्नासला एक. दोन बावन्नला एक. दोन सत्तावन्नला लागोपाठ दोन. जमिनीवरची कंपमापके काही दाखवत नाहीत, आरसा मात्र दचकतो. सतरा तारखेपासून आणखी दोन देशांतल्या वेधशाळांबरोबर एकत्र निरीक्षण सुरू व्हायचे आहे. भाचीची नेमणूक ऑक्टोबरअखेर संपते. संचालिकाबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, स्पष्ट सांगितले आहे: ठोका सापडला तर पुढची तीन वर्षे जागा तिची. नाही तर दुसरा कोणी येऊन शोधेल.

“माणसाचं काम असेल का?” तिने विचारले.

मी हसलो. “रोज त्याच मिनिटाला? अगं, माणूस इतका नियमित असता तर आमची एक तरी सभा वेळेवर सुरू झाली असती. यंत्र शोध, यंत्र.”

बहीण वाढता वाढता म्हणाली, “पावणेतीन म्हणजे दादाची डुलकी काढायची वेळ.”

तयारी गुपित ठेवली आहे. संमेलनाच्या दिवशी दोघींना पहिल्या रांगेत बसवणार.

१० ऑक्टोबर, सोमवार

अपराधी सापडला! पाण्याचा टँकर. मागच्या वसाहतीला पाणी नेताना रोज दुपारी माझ्या खिडकीखालून जातो. आज मुद्दाम पाहिले: दोन पन्नास. (पाहण्यासाठी चौथ्या मिनिटाच्या टाचेनंतर क्षणभर थांबावे लागले. लय बिघडली. उद्या भरून काढू.)

मोठ्या बाईंना पत्र लिहायला घेतले आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

मोठ्या बाईंचा फोन.

“वक्ते, तुमचं पत्र मिळालं. सहा पानी आहे.”

“मुद्दे बरेच होते, बाई.”

“मुद्दा एकच आहे. टँकर. बाकी चहाबद्दल आहे.”

पण ऐकले! उद्यापासून टँकर पूर्वेच्या रस्त्याने जाईल, अकरा किलोमीटरचा वळसा घेऊन. सकाळीच टँकरवाला खिडकीशी आला. सरळ माणूस दिसतो, पण दिसण्यावर मी जात नाही.

“काका, दोन वर्षं याच रस्त्यानं जातोय मी. ठोका आठ दिवसांचा म्हणता. मग आधीची दोन वर्षं मी काय हवेतून जात होतो?”

“अपराधी नेहमी प्रश्नच विचारतो,” मी म्हणालो.

“आणि निरपराधी?”

“तोही विचारतो. पण नम्रपणे.”

मग त्याला तत्त्व समजावून सांगताना माझा आवाज बराच चढला. दुपारचा सराव कसाबसा झाला. संध्याकाळपासून घसा दुखतो आहे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

घसा पूर्ण बसला. काल आणि आज सराव नाही, बोलणे नाही, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

पण बातमी मोठी आहे: काल ठोका नाही! आज ठोका नाही! टँकर गेला, ठोका गेला. भाचीने आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले. “मामा, तुम्ही वाचवलंत मला!” मला बोलता येईना म्हणून मी फक्त मान डोलावली. तिला वाटले मी भारावलो.

बहीण म्हणाली, “बघ दादा, तू गप्प बसलास की घरात सगळं कसं सुरळीत होतं.”

तिला विज्ञानातले काही कळत नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

एकत्र निरीक्षण सुरू झाले. माझा घसाही सुटला. पावणेतीनला दणक्यात सराव. चारही टाचा जागच्या जागी पडल्या.

आणि ठोका परत आला! चारही. मिनिटे तीच.

याचा अर्थ उघड आहे. टँकरवाला वळशाचे नाव सांगून चोरवाटेने येतो आहे. मी उद्यापासून कुंपणावर नजर ठेवणार, पावणेतीन ते तीन सोडून, कारण तेव्हा मी कामात असतो.

मोठ्या बाईंनी आदेश काढला: अडीच ते साडेतीनमधली आपली नोंद कोणी वापरायची नाही, ठोका सापडेपर्यंत सरळ टाकून द्यायची. रोजचा एक तास बहिरा. भाची जेवली नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

भाची रबरी हातोडा घेऊन टोकघरात तपासणीला आली. तिची पद्धत अशी: एकेक वस्तू ठोकायची आणि फोनवर कंट्रोल रूमला विचारायचे, आरसा दचकला का?

ती येणार हे मला काल संध्याकाळीच कळले होते. खोके तसेच राहिले असते तर तिने विचारले असते, हे कशाला? आणि मग संमेलनाचे गुपित रात्रीच्या आत बहिणीच्या कानावर. म्हणून सकाळीच खोके ओढून दाराशी आणले, वर फडके टाकले आणि चहाचे कप मांडले. झकास टेबल झाले.

तिने भिंत ठोकली. “दचकला?” “नाही.” पंप ठोकले. कपाट ठोकले. फरशी ठोकली. “नाही, नाही, नाही.”

शेवटी दमून माझ्या टेबलावर, म्हणजे खोक्यावरच बसली. “मामा, आता तुम्हीच पाय आपटून बघा. तेवढा जोर तुमच्याच अंगात आहे.”

मी फरशीच्या मधोमध उभा राहिलो आणि टाच अशी हाणली की खोक्यावरचे कप किणकिणले.

“काही?” तिने फोनवर विचारले.

“आरसा ढाराढूर झोपलाय,” तिकडून उत्तर आले.

माझी फरशी अशी सबंध वेधशाळेसमक्ष निर्दोष सुटली. भाची चहा न पिताच गेली. जाताना दारात म्हणाली, “बारा दिवस राहिले, मामा.” मला भरून आले. त्या टँकरवाल्याला दया नाही का?

ती गेल्यावर खोके पुन्हा ट्रेला टेकवले. सराव पावणेतीनलाच.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

संमेलन जवळ आले म्हणून आज दोनदा सराव केला, सकाळी अकराला आणि दुपारी. भाची सांगत होती, ठोका आता सकाळीही यायला लागला. शत्रू धीट होत चालला आहे.

पलीकडच्याचा फोन आला. “काय पुढारी, तुमच्या टोकाला भूत लागलंय म्हणे. माझ्याकडे बघ, एक ठोका नाही.”

“तुझ्याकडे टँकर येत नाही.”

“तुझ्याकडे तरी कुठे येतो आता?”

याला वादविवादाची शिस्त कधीच नव्हती.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी साडेचार. चहा समोर आहे.

चारला भाचीचा फोन आला. इतक्या भरभर बोलत होती की आधी मला वाटले कोणी गेले. “मामा, आली! लाट आली! दोन न्यूट्रॉन तारे! तिन्ही वेधशाळांत! दीड मिनिटभर आवाज चढत चढत गेला, शीळ घातल्यासारखा, आणि शेवटी...”

शेवटी ठोका. तारे एकमेकांवर आदळायला दोन सेकंद असताना आमच्या नोंदीत ठोका पडला, लागोपाठ दोन. आयुष्यात एकदा ऐकू येणारे गाणे आणि ऐन समेवर कोणीतरी भांडे पाडले.

मी म्हणालो, “दुसऱ्या दोघांनी ऐकलं ना? झालं तर मग.”

“नाही झालं. दोन कानांनी फक्त कळतं की आवाज आला. कुठून, ते नीट कळायला तिसरा कान लागतो. आपली नोंद नसेल तर दुर्बिणींना अर्ध्या आकाशात टॉर्च मारत फिरल्यासारखं शोधावं लागेल. अशा टकरीतून उजेड निघतो, मामा, पण तो चार दिवसांत विझतो. आणि बाई म्हणतात, ठोका कशाचा हे माहीत नसेल तर तो खोडून काढता येत नाही. खोडायला गेलो तर लाटही खोडली जाईल. कशाचा आहे ते कळलं तर त्याची छाप घेता येईल आणि तेवढीच वजा करता येईल.” मग हळूच म्हणाली, “आज कळायला हवं होतं.”

मी टँकरवाल्याला मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

असो. रोजचा शिरस्ता मोडू नये. आजचा सराव: सुरुवात दोन पंचेचाळीस. आवाज खुला, शब्द स्वच्छ. पहिली टाच दोन एकोणपन्नास. दुसरी टाच दोन बावन्न. शेवटच्या दोन टाचा दोन सत्ताव

—

चहावर साय धरली. पाच वाजायला दहा मिनिटे आहेत.

मी मागची पाने उलटली. पाच तारीख. सात तारीख: तिचे आकडे. पाच तारीख: माझे आकडे. तेरा आणि चौदा: घसा. एकवीस: दोनदा. सगळे माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत. पण फरशीत फट आहे! पण एकोणीस तारखेला मी आपटून दाखवले होते!

एकोणीस तारखेला खोके दाराशी होते, आणि ट्रेला हातोडा कोणी लावलाच नव्हता.

मी उठून खोक्यावर बोटाने टकटक केली आणि दुसरा हात केबल-ट्रेवर ठेवला. ट्रे तळहाताला गुदगुल्या करत होता. हा ट्रे फट-बिट काही जाणत नाही. भिंत ओलांडतो आणि थेट टाकीला हात लावतो.

आता खरे लिहितो, कारण इथे टाळ्या नाहीत. पहिला विचार असा आला: खोके चार बोटे ओढायचे. बस. ठोका कायमचा बंद. कोणाला कळणार नाही. रविवारी बारा मिनिटे बोलायचे. टँकरवाल्याचा रस्ता आठ दिवसांनी हळूच मोकळा करायला सांगायचा. मी खोक्याला हातही घातला होता.

दुसरा विचार मात्र भाचीचा होता: “आज कळायला हवं होतं.”

सायकल काढतो. वही बरोबर घेतो.

२६ ऑक्टोबर, बुधवार

कालचे आज लिहितो.

चार किलोमीटर सायकल मारत कोपऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. कंट्रोल रूममध्ये वीसएक माणसे, सगळी पडद्याकडे पाहत. भाची एका टेबलावर डोके टेकून बसली होती. मी पुढे गेलो आणि वही तिच्यापुढे उघडून ठेवली.

तिने वाचले. पान उलटले. पुन्हा मागे गेली. तेरा तारखेच्या गुळण्यांवर बोट ठेवले. मग माझ्या बुटांकडे पाहिले.

“मामा.”

“हो.”

“माणूस इतका नियमित नसतो म्हणाला होतात.”

“सरावानं होतो,” मी म्हणालो.

मोठ्या बाईंनी वही घेतली. चष्मा वर करून दोन पाने वाचली. आता माझी खरडपट्टी निघणार आणि ती मला मान्य आहे, असे म्हणायला मी तोंड उघडले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “काखेत कळसा आणि टँकरला वळसा. वक्ते, खोकं अजून तिथेच आहे?”

“एक इंचही हलवलेलं नाही.”

“खरं?”

“हलवणार होतो,” मी म्हणालो. “नाही हलवलं.”

त्यांनी वही मिटली. “चला, गाडी काढा.”

सहा वाजता मी पुन्हा माझ्या खोक्यावर उभा होतो, फोनची लाइन दोन्ही बाजूंनी उघडी. काम असे: मी ठोका द्यायचा, आरसा काय करतो ते नोंदवायचे, म्हणजे माझ्या टाचेची छाप हाती येईल आणि दुपारच्या नोंदीतून ती वजा करता येईल.

“मामा, फक्त टाच,” फोनवर भाची म्हणाली. “शब्द नकोत.”

मी टाच दिली. दिली म्हणजे ठेवली. तिकडून आवाज आला, “हा तो नव्हे. हा अगदीच लाजरा आहे.”

आणखी एक दिली. “हाही नाही.”

मग मोठ्या बाईंचा आवाज: “अहो, भाषणाशिवाय यांच्या टाचेत जोर येणार नाही. वक्ते, पहिल्यापासून करा. बारा मिनिटं. सगळेजण शांत बसा, कोणी खुर्चीही सरकवू नका.”

आणि बसले हो! वीस शास्त्रज्ञ, श्वास रोखून, जगातला सर्वांत तिखट कान लावून. मी सुरुवात केली: “टोकाला बसणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो! तुमचं-माझं दुःख एकच आहे. आपलं कोणी...” आणि अडखळलो. पुढचे शब्द गाळून पुढे गेलो.

चौथ्या मिनिटाला टाच. “हाच!” भाची किंचाळली. “हाच तो! थांबू नका, मामा!”

एका वेळेने भागत नाही, सरासरी काढावी लागते. मी ते भाषण पाच वेळा केले. तिसऱ्या वेळी पश्चिम टोकावरून पलीकडच्याने लाइनवर येऊन विचारले, “पुढारी, दम खायचा असेल तर सांग, मी पाणी घेऊन येतो, टँकरनं.” पाचव्या वेळी, “ऐका!” च्या जागी, कंट्रोल रूममधून वीस जणांनी एका सुरात “ऐका!” म्हटले. छाप बिघडेल म्हणून भाची त्यांच्यावर ओरडली.

पाचही वेळा त्या एका वाक्याशी मी अडखळलो.

आठच्या सुमारास ठोका वजा झाला. भाचीने नोंदीचा आवाज करून फोनवर ऐकवला. खालून, कुठून तरी खोलातून, एक सूर हळूहळू चढत येतो, मग वेगाने, मग एकदम वर, आणि संपतो. मध्ये काही नाही. मी नाही. एवढे चांगले मी आयुष्यात काही ऐकलेले नाही, आणि माझी आजवरची सगळी भाषणे मी स्वतः ऐकली आहेत.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

दिशा कळली. आकाशाचा लहानसा तुकडा. आज दुपारी एका दुर्बिणीने तिथे, एका अंधूक दीर्घिकेच्या कडेला, परवा नसलेला निळसर ठिपका पाहिला. भाची म्हणते तो हळूहळू तांबूस होईल आणि विझेल. विझू दे. पाहिला.

मोठ्या बाईंनी तिला तीन वर्षांचे पत्र दिले. ती घरी आली, पत्र बहिणीच्या हातात दिले आणि मला म्हणाली, “ठोका सापडला, असं लिहिलंय. कोणाला सापडला ते नाही लिहिलं.”

“तुलाच सापडला.”

“मला तुमची वही सापडली.”

बहीण म्हणाली, “वही मी दिली होती.” आणि पत्र देवघरात नव्हे, फ्रिजवर चुंबकाने लावले, येता-जाता दिसावे म्हणून.

मलाही एक पत्र आहे. त्यात लिहिले आहे की खोके नष्ट करावे, आणि सोमवारच्या बैठकीत टोकांची लाइन यापुढे उघडी राहील. पंखा बंद करावा. बारा मिनिटे बोलू नये.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

टँकरवाल्याची माफी मागितली. वाक्ये तयार करून नेली होती, पण तो केबिनमधून उतरलाच नाही, खिडकीतून ऐकत राहिला, म्हणून ती सगळी वर मान करून बोलावी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच श्रोता व्यासपीठावर आणि मी खाली.

“म्हणजे ठोका तुमचा,” तो म्हणाला.

“माझा.”

“आणि वळसा माझा. पंधरा दिवस.”

“हो.”

“चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच की, काका?”

“हेच.”

“ते भाषण म्हणे पाच वेळा केलंत. माझ्याबद्दल काही होतं त्यात?”

“नव्हतं.”

“मग आता घाला,” म्हणाला, आणि गाडी सुरू करून जुन्या रस्त्याने गेला. दोन पन्नास झाले होते. आरशाला काही झाले नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

बारा मिनिटे मिळाली होती, चारच घेतली. पहिल्या रांगेत बहीण आणि भाची. पाय एकदाही आपटला नाही. तरी पहिली रांग दचकली, कारण मी सुरुवातच अशी केली: “तो ठोका माझा होता.”

पुढे जे बोललो ते इथे लिहून ठेवतो.

टोकाला बसणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपले कोणी ऐकत नाही असे मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो. परवा कळले, माझी टाच रोज ऐकली जात होती. तीन आठवडे, मिनिटासकट. तिच्यामुळे एका मुलीची झोप उडाली, एका माणसाला रोज अकरा किलोमीटर जादा गाडी हाकावी लागली, आणि दोन तारे कोट्यवधी वर्षांनी आपल्या दाराशी येऊन हात हलवीत निघूनच चालले होते. आणि तीन आठवडे मी काय करत होतो? खिडकीतून दुसऱ्याच्या चाकांकडे पाहत होतो. त्या टँकरवाल्याबद्दल मी सहा पाने लिहिली. स्वतःच्या पायाबद्दल चार ओळी लिहिल्या, त्याही कौतुकाने. पण लाट वाचली ती त्याच ओळींमुळे.

लाइन उघडून मिळाली आहे. आता तिच्यावर पहिले काय बोलायचे ते आपण ठरवायचे. मी ठरवले आहे. उद्या सोमवार. उद्या सकाळी कामावर पोचलात की दुसऱ्या कोणाविषयी तक्रार लिहिण्याआधी, पंपांचे आकडे टिपण्याआधी, दारामागचे कामाच्या नोंदींचे रजिस्टर उघडा आणि पहिली ओळ स्वतःच्या पायाची लिहा: कुठे उभा होतो, किती वाजता, आणि काय आपटले.